पाव इंचाची आत्या

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिली. लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि काम होतं शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायचं. सहा वर्षांनी ती कटर झाली, त्या टेबलावरची पहिली बाई. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक रचून मशीनने एका दमात कापायचे. हात चुकला की साठ बाह्या कचऱ्यात. तिचा हात चुकला नाही. दुसऱ्यांचा चुकायचा आणि तो तिला दहा फुटांवरून दिसायचा. "पाव इंच कमी आहे," एवढंच म्हणायची आणि मान फिरवायची. कारखान्यात तिला सगळे तोंडावर 'ताई' आणि पाठीमागे 'पाव इंच' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला अभिमानच होता.

निवृत्त झाली म्हणून सवय थोडीच जाते? दोरीवर वाळत घातलेला टॉवेल वाकडा दिसला की ती आधी तो सरळ करणार, मग पाहुण्यांना 'या' म्हणणार. एकदा बसच्या कंडक्टरला तिने तिकिटाऐवजी कॉलरबद्दल चार शब्द सुनावले. बिचारा पुढच्या थांब्यापर्यंत मान ताठ ठेवून उभा होता.

काम करताना ती गायची. सूर तिच्या वाटेला कधी फिरकला नाही, पण आवाज खणखणीत. त्या गाण्याचा आम्हाला उपयोग होता. गाणं चालू म्हणजे सगळं ठीक. गाणं थांबलं की समजायचं, कुणाची तरी शिवण वाकडी गेली आहे. मग घरातला प्रत्येक जण आपापले कपडे चाचपून बघायचा.

आत्या राहते आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. आई आणि ती बाजारात बरोबर जातात, आजारपणात एकमेकींच्या उशाशी बसतात, बाबांची चेष्टा करण्यात तर दोघींची कायमची युती. पण शिवणकामाचा विषय निघाला की आईच्या तोंडाला कुलूप. आईने बावीस वर्षांत सुई हातात धरली नव्हती. शर्टाचं बटण तुटलं तर ती तो घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायची. वरच्या मजल्यावर अख्खं शिवणयंत्र बसलेलं असताना, एका बटणासाठी!

याला कारण मी. म्हणजे माझा फ्रॉक.

मी सहा वर्षांची होणार होते. आई शाळेत गणित शिकवायची. तिने हौसेने ठरवलं की या वाढदिवसाचा फ्रॉक ती स्वतः शिवणार. पिवळं कापड आणलं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. आत्याने माझी मापं घेऊन कागदावर लिहून दिली आणि आईने शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन आठ दिवस खपून फ्रॉक शिवला. वाढदिवसाला मला तो घातला आणि पाठीचं बटण काही केल्या लागेना. मी श्वास रोखला, पोट आत घेतलं, व्यर्थ. घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्याने मला जवळ ओढलं, फ्रॉक उतरवला, दोन्ही बगलांच्या शिवणी भराभर उसवायला घेतल्या आणि हसत म्हणाली, "अर्धा इंच खाल्लाय! गणिताच्या बाईंना फूटपट्टी वाचता येत नाही वाटतं!"

सगळे हसले. आत्याच्या मनात काही नव्हतं, तासाभरात तिने फ्रॉक सैल करून दिलाही असता. पण आईने तो तिच्या हातातून घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. मी जुनाच फ्रॉक घालून केक कापला. त्या दिवसापासून आईने शिवणकामाच्या नावाने कानाला खडा लावला.

आता मी अठ्ठावीस वर्षांची, आणि मला दूरच्या शहरात नोकरी लागली. आत्याने लगेच जाहीर केलं की ती मला गोधडी करून देणार. तीस चौकोन, सहा ओळी, ओळीत पाच, आणि प्रत्येक चौकोनात त्रिकोण जोडून केलेलं एक भिरभिरं. मी म्हटलं, "आत्या, पंधरा तुझे आणि पंधरा आईचे. नाहीतर मला गोधडी नको."

बाबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. अशा प्रसंगी ते कायम तळ्यात-मळ्यात.

मला गोधडीचं एवढं नव्हतं. आजकाल दुकानात हवी तशी मिळते. मला जायच्या आधी त्या दोघींना एका जमिनीवर, एका कापडावर वाकलेलं बघायचं होतं. मी गेल्यावर या दोघीच तर एकमेकींना उरणार होत्या, आणि त्यांच्यामध्ये शिवणकामाची ती एक खोली कायम बंद. मला ती उघडायची होती.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "करते. पण माझ्या खोलीत, दार लावून. आणि मला कुणाचा पुठ्ठा नको."

हा पुठ्ठा म्हणजे आत्याने कापून ठेवलेला बारा इंची नमुना. आत्याने तो आपल्या टेपने आखला होता. ती टेप तिने पहिल्या पगारातून घेतलेली, कापडी, पिवळी, आकडे पुसट झालेले. गळ्यात अशी पडलेली असते की आम्हाला ती तिच्या अंगाचाच भाग वाटते. आईने मात्र माळ्यावरून शाळेची लाकडी फूटपट्टी काढली, पुसली आणि दार लावून घेतलं.

महिनाभर वरून गाणं आणि खालून बंद दारामागची कात्री, असं चाललं होतं. बाबा दोन्ही मजल्यांवर सुयांत दोरे ओवून देत फिरत होते. ही एकच कला त्यांना येते आणि ती यावी म्हणून त्यांनी नवा चष्माही केला.

जोडणीच्या दिवशी सकाळीच आम्ही बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, फरशी पुसली आणि चौकोन मांडले. एक आत्याचा, एक आईचा, एक आत्याचा, एक आईचा. आत्याचे निळे-तांबडे, आईचे पिवळे-हिरवे. खोलीभर तीस भिरभिरी! काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू. मी तर दारातच उड्या मारायला लागले. आत्या गात गात गुडघ्यांवर बसली, पहिले दोन चौकोन उचलले, कडेला कड लावून टाचण्या टोचल्या.

गाणं थांबलं.

आईचा हात पदराच्या टोकाशी गेला. आत्याने टाचण्या काढल्या, पुन्हा लावल्या. एका बाजूला बरोबर बसवलं की दुसऱ्या बाजूला झोळ. तिने गळ्यातली टेप काढली, आईचा चौकोन मोजला, दुसरा मोजला, तिसरा मोजला.

"वहिनी," ती शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "पाव इंच कमी आहे. सगळेच."

आई उठली. मला वाटलं, आता ही खोलीत जाणार आणि दार लावून घेणार, यावेळी कायमचं. ती गेली खरी, पण फूटपट्टी घेऊन परत आली आणि चौकोनावर ठेवली. "ताई, बघा. बारा."

आत्याने टेप ठेवली. "पावणेबारा."

"बारा."

"पावणेबारा!"

बाबा पुढे झाले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी टेप फूटपट्टीच्या कडेला लांबीने लावून ठेवली. टेपवरचा बाराचा आकडा फूटपट्टीच्या टोकापलीकडे, हवेत.

"लाकूड आहे," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं माळ्यावर पडलेलं. आखडलं असेल."

"लाकूड आखडतं ते रुंदीला. लांबीला नाही," आई म्हणाली.

आत्या टेप आणि फूटपट्टी दोन्ही उचलून चपला घालून खाली उतरली. तळमजल्यावर सुताराचं दुकान आहे, त्याच्याकडे पोलादी टेप. आम्ही तिघं त्या तीस भिरभिऱ्यांच्या कडेने बसून राहिलो. बाबांनी उगाच चार सुया ओवून ठेवल्या.

ती परत आली तेव्हा जिना चढायला तिला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. सुताराकडे आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. ती काहीही सांगू शकली असती. दारात उभी राहून ती म्हणाली, "फूटपट्टी बरोबर आहे. टेप ताणली गेलीय. पहिल्याच फुटात पाव इंच."

आम्हाला कळेना की मग इतकी वर्षं तिचं कुठेच कसं चुकलं नाही. मग हळूहळू उलगडलं. कारखान्यात नमुने तयार यायचे, तिथे या टेपचा संबंधच नव्हता. आणि घरी ती ज्या टेपने अंगाचं माप घ्यायची त्याच टेपने कापड कापायची. टेप खोटं सांगायची, पण दोन्हीकडे सारखंच. कपडा अंगाला चपखल बसायचा. माप एका टेपचं आणि कापणी दुसऱ्या पट्टीची, असं कधी झालंच नव्हतं.

एकदाच झालं होतं.

आत्याने आईचा एक चौकोन हातात घेतला होता. त्यातला पिवळा त्रिकोण ती अंगठ्याने चाचपत होती. बारीक पांढरे ठिपके, आणि त्यांच्यामधून गेलेली छिद्रांची सरळ ओळ, उसवलेल्या टाक्यांची. अशी छिद्रं तिला अंधारातही कळली असती.

"हा तो फ्रॉक," ती म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "कापड चांगलं होतं. टाकवलं नाही."

"मापं मी दिली होती. या टेपने." आत्या खाली बसली, चौकोनांच्या मधोमध. "वहिनी, तुम्ही बरोबर कापला होतात. गणिताच्या बाईंना फूटपट्टी वाचता येते. मलाच... बावीस वर्षं हो, वहिनी!" आणि तिचे डोळे भरून आले.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती! हसता हसता भिंतीला टेकली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "ताई, अहो, बावीस वर्षं मी एकेका बटणासाठी त्या शिंप्याचे जिने चढतेय! तो मला बघितलं की आता सुई आधीच ओवून ठेवतो!" मग आत्याही सुटली. बाबा सुटले. मी दोघींच्या गळ्यात पडून रडले आणि हसले, दोन्ही एकदम, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

हसणं ओसरल्यावर आत्याने कात्री उचलली आणि स्वतःचे चौकोन पुढे ओढले. "मी माझे छाटते."

"थांबा!" आईने तिचा हात धरला. "भिरभिऱ्यांची टोकं जातील की. इतकी सुरेख टोकं." तिने कागद घेतला, आकडेमोड केली. "सगळ्यांनाच चारी बाजूंनी पांढरी पट्टी लावू. मग पट्टीसकट सगळे चौकोन एकाच मापाचे कापू. तुमच्याकडे थोडी अरुंद राहील, माझ्याकडे रुंद. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," आत्या म्हणाली.

"तुम्हाला कळू दे की."

चार दिवस लागले. आखलं आईच्या फूटपट्टीने, कापलं आत्याने, शिवलं दोघींनी आळीपाळीने. टेप खिडकीच्या खिळ्याला लटकत होती, आणि आत्या काम करता करता मान वर करून तिच्याकडे असं बघायची, जसं घरातल्या लाडावलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं.

शेवटची टीप आत्याने आईला मारायला लावली, गोधडीचे दोन्ही भाग जोडणारी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आई मशीनवर बसली. आत्या शेजारी कापड सावरत गात होती. टीप निम्म्यावर आली आणि वाकडी गेली. मला दिसलं. बाबांना दिसलं, म्हणजे बघा केवढी वाकडी असेल.

गाणं थांबलं.

आईने पाय पॅडलवरून काढला. "उसवू?" तिने विचारलं.

आत्या वाकली. तिने ती शिवण नखाने वरपासून खालपर्यंत चाचपली.

"नको," ती म्हणाली. "चालवा पुढे." आणि जिथे सोडलं होतं तिथूनच, तितकंच बेसूर, तिने गाणं पुन्हा धरलं.