जूचंद्रच्या खडकावर जमीन मोजताना

नायगाव स्टेशनावर उतरलो ते जीव मुठीत धरूनच. भूज हादरून वर्षही झालं नव्हतं, आणि मी पुण्याहून निघालो होतो ते पायाखालची जमीन किती सरकली हे मोजायला! त्यात मी मुळातच भित्रा.

रिक्षेनं जूचंद्र गाठलं. गावामागच्या टेकडीवर उघड्या खडकात आमच्या संस्थेच्या लोकांनी पूर्वी पितळी खिळा ठोकला होता. त्याच्या बरोबर वर तिपाई उभी करायची, तिच्यावर उपग्रहांचे संदेश झेलणारी जीपीएसची अँटेना बसवायची आणि तीन दिवस तिला कुणाला बोट लावू द्यायचं नाही. केसभर धक्का लागला तरी सगळी मेहनत पाण्यात. खाली खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी जमीन) आणि मिठागरं चकाकत होती. क्षणभर जिवाला बरं वाटलं.

यंत्र सुरू केलं आणि खालून माणसं चढू लागली. इथे तीन पायांचं काहीही उभं राहिलं की ती बिल्डरची मोजणी, हे गावानं धरूनच ठेवलेलं. कुठल्या बिल्डरचा, असं एकानं विचारलं. मी शहाणा, समजावायला गेलो की जमीनच ईशान्येला सरकते, वर्षभरात नख वाढतं तेवढी. झालं! आगीत तेल. हा आमच्या हद्दी सरकवणार, असा गलका उठला आणि एकानं तिपाईचा पायच धरला. मी अडवायचं सोडून दोन पावलं मागेच सरलो.

गर्दीतून हिरामावशी पुढे आली. साठीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिचं भातशेत टेकडीच्या पायथ्याशीच. तिनं त्या माणसाचा हात सोडवला आणि निवाडा दिला: यंत्र राहील, पण काम होईपर्यंत हा माणूस माझ्या घरी राहील. पाहुणा की ओलीस, देव जाणे!

तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या जवळ्याचं) कालवण मिळालं. चव फक्कड, पण माझं लक्ष सगळं दाराकडे. दारात कुणी ना कुणी राखणीला बसलेलंच. शेवटच्या दिवशी मी मावशीला पुन्हा सांगितलं की घर, विहीर, बांध, सगळं एकत्रच सरकतं, कुणाचा वीतभर तुकडाही जात नाही.

"मंग त्याला कोन भितंय?" ती म्हणाली. "तुमी परत मोजाया याल तवर मी हितं आसंन का, ते सांगा."

मी उठून टेकडीवर तिपाई उतरवायला गेलो.

सामान आवरून रिक्षेत बसलो. सुटलो एकदाचा! गावाबाहेरच्या वळणावर पाहतो तर टेकडीच्या पायथ्याशी दोन माणसं. एक दुर्बिणीच्या यंत्रातून बघत होता, दुसरा कापलेल्या भाताच्या खुंटांमधून पांढरी फक्की टाकत चालला होता. शेत हिरामावशीचं. गाडी चुकेल, असं रिक्षावाला बजावत होता, तरी मी रिक्षा वळवायला लावली.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी रिक्षेतून उतरता उतरताच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमचीच मानसं?"

"नाही, मावशी."

तिनं शेजारणींना हाका मारल्या आणि शेताकडे निघाली. मागोमाग मीही. भूकंपाची धास्ती मला आजही आहे, पण त्या दुपारी मी भ्यालो ते त्या फक्कीला. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा पांढरी रेघ अर्ध्या शेतात आली होती.