नाव निघालं त्याचंच मत

टॅब्लेट तळहातानं झाकून बाई म्हणायच्या, "थांबा जी! नाव निघू द्या." आणि सारं घर श्वास रोखून त्यांच्या हाताकडं बघत बसायचं.

तुमच्याही दारात कधी ना कधी असं कोणी आलं असेल. साबण कोणता वापरता, जग कुठं चाललंय असं वाटतं, असलं काहीबाही विचारून सर्वेक्षण करायला. कितीतरी देशांत तेच प्रश्न विचारले जातात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते विचारायच्या बाई, आणि मी त्यांचा सुपरवायझर. नावालाच, खरं तर. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं भरली की टॅब्लेट त्यातलं एक आपल्या मनानं काढायचा. उत्तरं त्याच माणसाची, दुसऱ्या कोणाची चालत नाहीत. काय मजा यायची सांगू! लॉटरीच्या सोडतीलाही इतकी गर्दी होत नसेल.

मेहकरला एका घरी आजोबा मिशीला पीळ देऊन पुढं सरसावले, आणि नाव निघालं त्यांच्या ठार बहिऱ्या बायकोचं. बाईंनी जगाच्या हवामानाचा प्रश्न असा काही ओरडून विचारला की अर्ध्या गल्लीनं उत्तर दिलं. बाई गल्लीवरच उखडल्या, "तुमचं निघालं काय नाव? मंग काऊन मधात बोलून राह्यले बे?" आजींनी मात्र चहा झाल्यावर आणखी प्रश्न मागितले.

जानेफळचं शेवटचं घर तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाव निघालं सुनेचं. बाई विचारायच्या सुनेला आणि उत्तर द्यायची सासू. सून पदराचं टोक चाळवत गप्प. इकडं ऑफिसचे फोनावर फोन, सहाच्या आत ही मुलाखत पोचली नाही तर साऱ्या गावाच्या मुलाखती बाद! चार दिवसांचं काम पाण्यात जाणार होतं. माझं डोकंच सटकलं.

"बाई, सासूचंच टाका ना. कोण येते पाहाले?"

त्यांनी टॅब्लेट माझ्यापुढं धरला. "टाका तुमीच. पण मंग माहं नाव काढा या कामातून."

मी टॅब्लेट परत त्यांच्याकडं सरकवला. बाई उठल्या, सुनेला म्हणाल्या, "चाल वं, वांगे तोडाले जाऊ." घरामागच्या वावरात दोघी शिरल्या. मला धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, अडवलं, "सायेब, तुमचं बी नाव नाही निघालं."

तिथून ऐकू काही येईना, नुसतं दिसायचं. पहिल्या सरीला सून फक्त मान हलवत होती. दुसऱ्या सरीला थांबली. आणि तिसऱ्या सरीला, अहो, हातातलं वांगं नाचवत अशी बोलायला लागली की बाईंची बोटं पुरेनात! मी धुऱ्यावर येरझारा घालत ओरडतोय, "बाई, पावणेसहा!"

रेंज मिळेना. साठीच्या बाई अंगणातल्या बैलगाडीवर चढल्या आणि टॅब्लेट आभाळाकडं धरून उभ्या राहिल्या. खाली सासू, सून, मी, शेजारपाजार, सगळ्यांच्या माना वर. "गेलं!" बाई ओरडल्या. "गेलं रे बापा!" मी ओळख ना पाळख, शेजाऱ्याला मिठीच मारली.

सासूनं लगेच विचारलं, "काय सांगतलं वं हिनं?"

"ते सांगता येत नाही, माय."

मलाही नाही सांगितलं. परतताना मोटारसायकलवर मी तीनदा विचारून पाहिलं. "त्या पोरीनं मले सांगतलं, तुमाले नाही." राग आला मला, आणि खरं सांगतो, असं माणूस आपल्याबरोबर काम करतं याचा अभिमानही वाटला.

मागच्या हिवाळ्यात बाई वारल्या. एकाएकीच. या उन्हाळ्यात जानेफळला गेलो, तर त्या सुनेनं रस्त्यातच अडवलं. "बाई नाही आल्या?"

मी सांगितलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमचं मत तर साऱ्या जगात पोचलं, बघा."

"पोचलं असन, हो," ती डोळे पुसत म्हणाली. "पण ते माहं होतं, हे त्यायलेच माहीत होतं."