आमचे इवाई गाडीत बसून बघतात

चौसाळ्यापासून बीडपर्यंत कुणाच्या दारात नवी मोटार उभी राहिली आणि आमचे व्याही तिच्यात बसून उठले नाहीत, असं अजून तरी घडलेलं नाही. गाडी घेणारा कुणीही असो, चालवणारा कुणीही असो, बसून बघणारे आमचे व्याही. आमच्या बोलीत इवाई. म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. हायस्कुलात हेडमास्तर होते, चौसाळ्याला राहतात, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे लांब आणि तितकेच ताठ. स्वतः आयुष्यभर सायकलीवर फिरले. पण गाडी बसायला कशी आहे, हे बघायला लोक त्यांना सोबत नेतात, जसे मुलगी बघायला जाताना घरातल्या जाणत्याला नेतात.

त्यांची बसायची एक रीत आहे. दार उघडलं की आधी चपला काढतात. मग आत शिरून मागच्या सीटवर चक्क मांडी घालतात. विकणारा पोरगा बिचारा पाय ठेवायला किती जागा आहे ते सांगत असतो. इवाई डोळे मिटून म्हणतात, "बाबा, पाय लोंबकळत ठेवायला तर झाडाची फांदीबी पुरती. मांडी बसती का ते बघू दे." मग डोकं आणि छत यांच्यामध्ये हाताचा पंजा घालून बघतात. मग खांद्यावरच्या शबनम पिशवीतून भाकरी काढतात आणि दोन्ही कोपरं पसरून निवांत खातात. कोपर शेजारच्याला लागलं की गाडी नापास. त्यानंतर जी गाडी वाचते, तिच्यात ते थोडं लवंडतात. एकदा बीडच्या एका शोरूममध्ये त्यांना अशी गाढ झोप लागली की दुसरं गिऱ्हाईक आलं आणि "आजोबा गाडीबरोबर मिळतात का?" म्हणून विचारून गेलं. पोरानं जागं करून विचारलं, "सर, तुम्ही घेणार कधी?" इवाई शांतपणे चपला घालत म्हणाले, "मी घेणार न्हाई. मी बसणार हाय."

आणि छतातली ती सरकती काच! तिच्याबद्दल तर ते ऐकूनच घेत नाहीत. "आपल्या बीडच्या उन्हात डोक्यावर भोक कशाला? आत बसून पापड वाळवायचेत का?"

खरं सांगते, सुरुवातीला मला या माणसाचं काही कौतुक नव्हतं. मला लहानपणापासून गाडी उंच पाहिजे, रुबाबदार पाहिजे. माझ्या लग्नात मी हट्ट धरला होता की सासरी जाईन तर मोटारीतूनच. भाड्याची एक पांढरी मोटार आली. रस्ताभर सगळ्यांनी मला बघावं म्हणून मी काच खाली ठेवून, मान बाहेर काढून, देवळातल्या मूर्तीसारखी बसले. कच्चा रस्ता, पुढं ट्रॅक्टर. सासरच्या दारात उतरले तेव्हा मी अशी धुळीनं माखलेली होते की सासूबाईंनी ओवाळायचं ताट घेऊन माझ्यामागं बघितलं आणि म्हणाल्या, "नवरी कुठंय गं?" एवढं होऊनही अक्कल आली असेल तर शपथ. पुढं लेकीला बघायला इवायांकडची मंडळी एका चिमुकल्या गाडीतून आली. मी खिडकीआडून बघत होते. माणूस उतरतोय, आणखी एक उतरतोय, उतरतच आहेत. जादूगाराच्या टोपीतून रुमाल निघावेत तसे. मी नाक मुरडून म्हटलं, इथं पोरगी द्यायची? नर्सची नोकरी केलेली बाई मी, माणसाची नाडी हातावर बघायची सोडून गाडीच्या चाकावर बघत होते. लेक हुशार निघाली, तिनं माणसं बघितली.

तर आता गोष्ट अशी झाली की गाडी इवायांच्याच घरात घ्यायची ठरली, आणि तीही बरीचशी माझ्यापायी. परळीला माझी थोरली बहीण आहे. अंथरुणाला खिळली आहे. तिला भेटायला नेकनूरहून मी एसटीनं जायचे, पण गुडघ्यांनी असा असहकार पुकारला की एसटीची पायरी बघूनच परत घरी यायची वेळ आली. फोनवर ती एकच विचारायची, "कधी येतीस?" मी म्हणायचे, "येते की." किती दिवस म्हणणार?

जावईबापूंच्या मनात मोठी, सात जणांची, भिंतीएवढी गाडी. आमच्या जिल्ह्यात मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसाला चहाची मलई आधी मिळते, त्यामुळे त्यांचंही चुकलं नव्हतं. इवाई मलाही शोरूमला घेऊन गेले. म्हणाले, "इहीणबाई, गुडघे तुमचे, तवा परीक्षक तुमीच."

आधी अगदी लहान गाडी आणली. बसायला सोपी; म्हणजे मी बसलेच नाही, पडले. उठायची वेळ आली तेव्हा एका बाजूनं जावई, दुसऱ्या बाजूनं विकणारा पोरगा, आणि विहिरीतून मोट काढावी तशी मी वर आले. मग मोठी. एक पाय तिच्या पायरीवर, दुसरा बीडच्या जमिनीवर, हातात वरची कडी आणि मध्ये मी, ना आत ना बाहेर. नात मागून ढकलत होती आणि हसत होती. पण आत गेल्यावर, काय सांगू, सिंहासन! खाली सगळे बारके दिसायला लागले. माझ्यातली ती जुनी नवरी लगेच जागी झाली. मी म्हटलं, "हीच घ्या."

जावईबापू खूश. म्हणाले, "बघा बाबा, हिच्यात आपण सगळे मावतो. तुम्ही पुढं मानानं. आणि नेकनूरच्या आई बारीक आहेत, त्या मागच्या छोट्या सीटवर बसतील."

इवायांनी मधली सीट पाडायला लावली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. मांडी तर सोडाच, गुडघे हनुवटीला लागले. "चालव," लेकाला म्हणाले, "मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत." आम्ही शोरूममध्ये चहा पीत बसलो. गाडी परत आली, आणि तो ताठ माणूस मागच्या दारातून विळ्यासारखा वाकडा होऊन बाहेर आला. कंबर धरून उभे राहायला त्यांना बराच वेळ लागला. मग लेकाकडे बघितलं.

"हितं इहीणबाईला बसवणार होतास का बे? परळीपर्यंत?"

"बाबा, पण सगळे मावतो ना..."

"मावतं धान्य. माणसं बसतात."

शेवटी घेतली ती लहानच गाडी, पण उभट, जिची सीट बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. कुणाचा हात नको, कुणाचा धक्का नको. आता हिशेब सोपा होता: जावई, लेक, नात, माझी विहीण आणि मी. गाडी भरली. लेकीनं विचारलं, "मामंजी, मग तुम्ही?" तर म्हणाले, "मला सरकारनं एसटीत फुकट सोडलंय. लई ऐसपैस गाडी हाय ती."

पहिल्यांदा परळीला निघालो तेव्हा पुढची सीट त्यांनी मला दिली. आमच्याकडे ती घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची, त्यातून ते मुलाकडचे. मी मुलीची आई, मला अंग चोरून मागं बसायची सवय. मी मागं वळले तर जावयानंच पुढचं दार उघडून धरलं. "बाबांनी सांगितलंय," एवढंच म्हणाले.

बहिणीनं माझा हात दिवसभर सोडला नाही. इवाई पहाटेच्या एसटीनं आधीच येऊन उंबऱ्याशी बसले होते. मी उतरले तेव्हा ना प्रवासाचं विचारलं, ना गाडीचं. फक्त गुडघ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "न्हाई दुखला." त्यांनी मान हलवली.

परतताना इवाई आमच्या आधीच एसटीनं निघाले होते. अंबाजोगाईच्या पुढं आम्ही एका एसटीला गाठलं. शेवटच्या खिडकीशी एक पांढरं डोकं काचेला टेकून डुलत होतं. जावयानं ओव्हरटेक करायला गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "राहू द्या. घाई काय आहे?"

नेकनूरपर्यंत आम्ही त्या एसटीच्या मागं मागं आलो. आमच्या गाडीत कुणाचं कोपर कुणाला लागत नव्हतं, आणि आम्ही सगळे पुढच्या एसटीकडे बघत होतो.