पश्चिमेच्या भिंतीवरचे सिमेंट

मी गाव सोडले त्या सकाळी माझी एस.टी. खाडीकाठच्या जुन्या जकात चौकीखालून गेली, तेव्हा माझे वडील, म्हणजे अण्णा, चौकीच्या पश्चिमेच्या भिंतीला बांधलेल्या परांचीवर उभे होते. ते व्यवसायाने गवंडी. ते खाली उतरले नाहीत. गाडी समोर आली तेव्हा त्यांनी हातातली थापी डोक्याच्या वर नेली, क्षणभर तशीच धरली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. हे मी खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझा धाकटा भाऊ शरद त्या वेळी त्याच परांचीवर त्यांच्या शेजारी होता. त्याचे म्हणणे असे की, अण्णा थापीला चिकटलेला चुना झटकत होते. या एका हालचालीवर आम्ही दोघे पन्नास वर्षे भांडत आहोत.

हे आताच लिहायचे कारण म्हणजे त्या चौकीचे संग्रहालय होत आहे. खाडीत गलबते येत तेव्हा मालावरची जकात तिथे घेतली जाई. पुढे तिथे पोस्ट होते, त्यानंतर लोक जाळी ठेवू लागले आणि शेवटी काहीच उरले नाही. गावाने समिती नेमली, शरद तिचा अध्यक्ष झाला, आणि दोन कामे माझ्याकडे आली. अभियंता या नात्याने दुरुस्तीचा आराखडा द्यायचा, आणि दारात लावायच्या फलकाचा मजकूर तपासायचा. आराखडा मी इथून, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून, सहा पानी लिहून पाठवला. सर्व भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, हे त्याचे सार. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू करायचे ठरले. त्यावर कोणाचे दुमत नव्हते. पेटले ते फलकावरून.

फलकावर शरदने लिहिले होते, "या वास्तूची डागडुजी आमच्या वडिलांनी हयातभर केली. त्यांचे थोरले चिरंजीव दिगंबर वडिलांशी झालेल्या वादानंतर गाव सोडून अमेरिकेस गेले. वडील त्यांना निरोप देण्यासही गेले नाहीत."

तीन वाक्ये, त्यांपैकी दोन चुकीची. मी वाद झाला म्हणून गेलो नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे पत्र वादाच्या तीन महिने आधी आले होते आणि ते शरदनेच पोस्टातून आणले होते. वाद झाला, हे मी नाकारत नाही. मी निघण्याच्या आठ दिवस आधी तो झाला, आणि तो सिमेंटवरून झाला.

अण्णा शिंपल्यांच्या चुन्यात काम करीत. शिंपले भट्टीत भाजायचे, पाणी घालून विरवायचे, खड्ड्यात मुरू द्यायचे. मग वाळू, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून बैल फिरवतात त्या घाण्यात मळायचे. एका भिंतीच्या तयारीला महिने लागत. मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकून आलो होतो. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. एका मित्राच्या ओळखीने मी दोन पोती मिळवली, एस.टी.च्या टपावरून गावी आणली, आणि पश्चिमेच्या भिंतीचा तीन फूट रुंद, दोन फूट उंच असा तुकडा एका दिवसात बांधून, गिलावा करून दाखवला. चार मजुरांसमोर मी अण्णांना म्हणालो, "हे तुमचे शास्त्र आता मेले."

अण्णांनी तुकड्यावरून तळहात फिरवला. "काम सफाईचं आहे," ते म्हणाले. "पण दिगू, भिंतीला घाम येतो. तो बाहेर पडायला वाट ठेवावी लागते."

"भिंतीला घाम येत नाही, अण्णा. त्याला कॅपिलरी अ‍ॅक्शन म्हणतात."

मजूर हसले. कोणाला हसले, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

पुढची हकिगतही लोक आपापल्या सोयीने सांगतात. मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळातल्या तरुणांनी माझे एक चरित्र रचून ठेवले आहे. गणपतीत माईक हातात आला की कोणीतरी म्हणतो, "काकांसारखे लोक इथे आले तेव्हा यार, त्यांनी अक्षरशः उपाशी राहून स्ट्रगल केलं." मी उपाशी राहिलो नाही. आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. त्यांतला एक नागपूरचा होता आणि त्याला माझी कुळथाची पिठी आवडत नसे, एवढाच काय तो स्ट्रगल. भारतीय दुकान जवळ नव्हते हे खरे, पण कांदे आणि तांदूळ सर्वत्र मिळतात. थंडी होती, तर कोट घेतला. ज्या गोष्टीचा खरोखर त्रास झाला तिच्याविषयी मला आजवर कोणी विचारलेले नाही. प्रयोगशाळेत काँक्रीटचे नमुने दाबून फोडताना, यंत्राचा आकडा वर चढत असताना, दर वेळी मनात येई की हे अण्णांना दाखवायला हवे. मी पत्रांतून ते आकडे कळवी. उत्तरे शरद लिहून पाठवी आणि शेवटी अण्णांचे एकच वाक्य असे: "भिंत ठीक आहे."

मी पस्तीस वर्षे पेनसिल्व्हेनियात महामार्गांचे पूल बांधले. निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि लेक अनघा मला मॉरिसव्हिलला घेऊन आली. अण्णा त्याच्या आधीच गेले होते. मधल्या काळात दर चार-पाच वर्षांनी गावी जाणे होई, आणि प्रत्येक वेळी मी चौकी पाहायला जाई. अण्णा गेल्यानंतर भिंतीचे जांभ्याचे चिरे झिजू लागले. माझा तुकडा मात्र जसाच्या तसा होता. पुढे पुढे तर तो भिंतीतून चार बोटे बाहेर आलेला दिसे, आणि मासे उतरवायला येणारे लोक त्यावर जेवणाचे डबे ठेवीत. मी बरोबरच्या लोकांना तो दाखवी आणि म्हणे, "पाहा, चुना गेला, सिमेंट राहिले." सहा पानी आराखड्याचा सगळा आधार म्हणजे हा तुकडा. शरद अशा वेळी खाडीकडे पाहत राही. मी त्याचा अर्थ संमती असा घेतला होता.

या मे महिन्यात अनघाने मला स्कॉटलंडला नेले. एडिंबरोच्या उत्तरेला, समुद्रात शिरलेल्या फाइफ नावाच्या जिल्ह्यात आम्ही आठ दिवस राहिलो. जुनी बंदरे, पडके किल्ले आणि लहान लहान संग्रहालये यांनी तो किनारा भरलेला आहे. "तुमच्या चौकीसाठी आयडिया मिळतील," असे ती म्हणाली होती. मी वही घेऊन गेलो होतो.

मासेमारीच्या संग्रहालयात हेरिंग मासा मिठात मुरवून पिंपांत भरणाऱ्या बायांची छायाचित्रे आहेत. मिठाने जखमा चरचरू नयेत म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळीत. हे चांगले मांडले आहे, असे मी वहीत लिहिले. दुसऱ्या गावी समुद्राच्या कडेला एक पवनचक्की आहे. ती समुद्राचे पाणी वर ओढी आणि मग ते कोळशावर आटवून मीठ काढीत. मी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले की आमच्याकडे हेच काम सूर्य करतो आणि त्याला कोळसा लागत नाही. अनघा हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज. नॉट अगेन." खाडीसारख्या एका जागी चुन्याच्या जुन्या भट्ट्यांच्या कमानींची रांग पाहिली. तिथेही फलक होता. मी फलक चुका शोधण्यासाठी वाचतो. त्यात एकही सापडली नाही, म्हणून थोडा हिरमुसलो.

सहाव्या दिवशी आम्ही किनाऱ्याच्या पायवाटेवरून एका पडक्या किल्ल्याजवळच्या दगडी कबुतरखान्यापाशी आलो. जुन्या काळी खाण्यासाठी कबुतरे पाळीत, त्यांची ती घुमटी. तिला परांची बांधलेली होती. वर पन्नाशीच्या आसपासची एक गवंडीण छिन्नी-हातोडीने दगडांमधले सांधे फोडत होती. फोडत होती ते सिमेंट होते. मला राहवले नाही. खालून मोठ्याने विचारले, "चांगले टणक सिमेंट कशासाठी काढता?"

ती हातातले काम टाकून खाली उतरली. "तुम्ही इंजिनिअर का?" तिने विचारले.

"हो."

"वाटलंच." ती हसली आणि मला भिंतीजवळ घेऊन गेली.

तिथे जे दिसले ते मी पूर्वी अनेकदा पाहिले होते. सिमेंटचे सांधे कडक, सरळ, भिंतीच्या बाहेर आलेले. त्यांच्यामधले दगड वाटीसारखे पोखरलेले. तिने दगडावर अंगठा फिरवला आणि पीठ खाली पडले. भिंतीत मुरलेले पाणी चुन्यातून सहज बाहेर पडते, ती म्हणाली. सिमेंट त्याला अडवते. मग ते पाणी दगडातून वाट काढते, समुद्राचे मीठ बरोबर आणते, आणि दगड फुटतो. "सांधा दगडापेक्षा मऊ असला पाहिजे. झिजायचं ते सांध्यानं, दगडानं नाही."

"पण टिकले तर सिमेंटच," मी म्हणालो.

"टिकलं ना. दगडाला खाऊन टिकलं."

अनघा माझ्याकडे पाहत होती. लहानपणी गावी तिनेही त्या तुकड्यावर आपली पाण्याची बाटली ठेवलेली होती. "बाबा," ती म्हणाली, "दॅट्स युवर शेल्फ."

गवंडिणीने वरून जुन्या चुन्याचा एक खडा आणून माझ्या हातावर ठेवला. त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे होते. अण्णांच्या चुन्यातही असे न भाजलेले तुकडे राहत आणि मी त्याला कच्चे काम म्हणत असे.

गाडीत बसून मी शरदला फोन लावला. गावी संध्याकाळचे पाच वाजले असावेत. मी सांगितले की आराखडा रद्द समज, सिमेंट नको, चुना मळू शकणारा माणूस शोध.

मग तो म्हणाला, "दादा, तब्येत बरी आहे ना तुझी?"

"चेष्टा नको. तुला हे ठाऊक होतं?"

"भिंतीचं? अण्णांचा मुलगा आहे मी. इंजिनिअर नसलो म्हणून काय झालं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू येतोस, त्या तुकड्यापाशी उभा राहतोस आणि लेक्चर देतोस. वर सहा पानं पाठवलीस, समितीनं टाळ्या वाजवल्या. म्हटलं, दादाचं आहे, राहू दे. अण्णा पण हेच म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

मग त्याने जे सांगितले ते मला पन्नास वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी गेल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या तुकड्याभोवतीचे चिरे फुटू लागले. शरद म्हणाला, हे सिमेंट काढून टाकू, एका दिवसाचं काम आहे. अण्णा नको म्हणाले. "दिगूनं केलंय, राहू दे." त्यांनी फुटलेले चिरे काढून नवे बसवले, चुन्यात. दर दोन-तीन वर्षांनी ते हेच करीत, हात चालत होते तोवर. चिरे बदलून झाले की शरदला सांगत, दादाला कळव, भिंत ठीक आहे.

मी म्हणालो, "तो तुकडा काढावा लागेल."

"मग माणसांनी डबे कुठे ठेवायचे?" शरद म्हणाला. आणि मग, "खरंच काढायचा?"

"काढायचा. पण मी आल्यावर. तोवर कोणी छिन्नी लावायची नाही."

गावाकडच्या आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या वाचकांनो, घर कोणते हा प्रश्न आपल्याला सारखा विचारला जातो. मी आजवर त्याचे उत्तर ठसक्यात देत आलो: जिथे मी पूल बांधले ते. पुलांवर माझे नाव नाही आणि तिथे माझी चूक कोणी चालवूनही घेतली नसती. ते योग्यच आहे. माझी चूक भिंतीत तशीच ठेवून तिच्याभोवतीचे चिरे वीस-पंचवीस वर्षे बदलत राहणारा माणूस एकाच ठिकाणी होता. त्या ठिकाणाला घर म्हणायला आता माझी हरकत नाही.

फलकाचा मजकूर मी नव्याने लिहून पाठवला आहे. पहिले वाक्य शरदचेच ठेवले. पुढे लिहिले: "पश्चिमेच्या भिंतीवर तीन फूट बाय दोन फूट सिमेंट त्यांचे थोरले चिरंजीव दिगंबर यांनी लावले. ते चुकीचे होते. वडिलांनी ते काढले नाही, भिंत सांभाळली." समितीतल्या कोणीतरी सुचवले की अमेरिकेतल्या माणसाची अशी शोभा नको, नाव गाळू. मी कळवले की काम माझे, चूकही माझी, त्यामुळे नाव माझेच लागेल. वादाचे वाक्यही राहू द्यावे, आठ दिवस आधी झाला एवढी दुरुस्ती करून.

निरोपाचे वाक्य मात्र मी काढून टाकले आहे. शरदने ते पुन्हा घातले, मी पुन्हा काढले. काल त्याने फोनवर विचारले, "दादा, एवढं सगळं मान्य केलंस, आता हे का अडवतोस? मी तिथे होतो. अण्णा चुना झटकत होते."

चुना झटकायला थापी खाली करतात. ती वर गेली होती. मी पाहिली आहे.