पोळ्याचा पहिला मान

हे मी आजवर कोणाजवळ बोललो न्हाई. बायकोजवळ न्हाई, टेंभुर्णीच्या बाजारात भेटणाऱ्या सोयऱ्या-धायऱ्यांजवळ न्हाई. आज खांदेमळण. रहीमच्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून राह्यलो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून राह्यलो— अन् तोंडच कडू झालं बघा.

रहीम माझा गाववाला. त्याचा गुरांचा वाडगा माझ्या वाडग्याला खेटून. दोघं संगंच फौजेत गेल्तो, समुद्रापार. तिथली वाळू— काय सांगू! दुपारच्याला ती हलायची, पाण्यावानी. वाटायचं, पलीकडं आपलीच ज्वारी उभी हाये, आत्ता कोणी बांधावरून हाक मारील. अजूनबी डोळे मिटले की ती ज्वारी दिसती.

अशाच एका दुपारी तोफांचे गोळे पडू लागले. आमचा साहेब जखमी होऊन उघड्यावर पडला. कोण गेलं असंल त्याला आणायला? सारा मुलूख म्हणतो, मी. बहादुरीचा तमगा माझ्याच छातीवर हाये ना!

मी खड्ड्यात होतो. तोंड वाळूत खुपसून. रहीम गेला. साहेबाला पाठीवर घालून आला, माझ्या मांडीवर ठेवलं, अन् त्याच्यासाठी पाणी आणायला परत गेला— तो गेलाच. साहेब बेशुद्ध. मंग लोक आले, माझ्या मांडीवर साहेब पाह्यला, "शाब्बास" म्हणाले. मी काय बोललो? काहीच न्हाई. गप बसायला काय लागतं हो?

पण खरं पाप त्याच्या म्होरलं हाये. गावी आलो तशी अमीनाखाला, रहीमची माय, दारात आली. "बाबा, माझा लेक कसा गेला रे?" खरं सांगावं तर तमगा जातो. म्हणलं, "झोपेत गेला, खाला. बिलकुल कळलं न्हाई त्याला."

वाटलं, माय निवांत होईल. ती शरमली! "लोकांची पोरं लढली, माझं झोपून राह्यलं," म्हणायची. गावानं पोळ्याचा पहिला मान मला दिला; तोरणाखालून माझा बैल सगळ्यांच्या आधी. अन् खाला रहीमचा एकुलता बैल सगळ्यांच्या मागून आणायची, खाली मान घालून. मी पाह्यचो. दर पोळ्याला पाह्यचो— अन् घरी येऊन पुरणपोळी खायचो.

औंदा उन्हाळ्यात खाला गेली. जायच्या आधी मला बोलावून बैलाचं दावं हातात दिलं. "तू जागणारा मरद हायेस," म्हणली, "तुझ्या दावणीला तरी याला मान मिळंल." तवाबी सांगता आलं असतं. तिचा कान माझ्या तोंडाजवळच होता. मी दावं घेतलं.

उद्या पोळा. माझा बैल थकला. म्हणून औंदा तोरणाखालून पहिला रहीमचा बैल जाईल. हलगी वाजंल. लोक नाव माझं घेतील. दावं माझ्या हातात असंल, छातीवर तमगा असंल— अन् मी उद्याबी काही बोलणार न्हाई.