मी न म्हटलेलं आमेन

प्रार्थनेत माझा विषय निघाला. माझे डोळे मिटलेले होते, मान खाली होती.

"हे प्रभू, या मुलीला नम्रता दे. नोकरी तू दिलीस, पगार तू दिलास. पण ज्या वस्तीतून तू हिला उचललंस, तिथली घाण अजून हिच्या मनाला चिकटलेली आहे. ती धुऊन काढ. मोठं होण्याची हाव हिच्यातून काढून टाक."

"आमेन," सगळी खोली म्हणाली. सर्वांत मोठा आवाज माझ्या आईचा होता.

मीही म्हटलं.

कोथरूडमधला काका-काकूंचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शुक्रवारची कॉटेज प्रार्थना. आमच्या चर्चच्या मंडळीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमतात. गीतं, वचन, प्रार्थना, मग खाणं. घरं पाळीनं बदलतात. आमच्या हडपसरच्या घराची पाळी कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी मी एवढंच विचारलं होतं, "काका, पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे?"

काका मंडळीतले ज्येष्ठ. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते. चार पिढ्या ख्रिस्ती होऊनही ओळख करून देताना हे सांगितलं जाई. माझ्या आजोबांनी नगरकडच्या एका गावात बाप्तिस्मा घेतला, महारवाड्यात. हे सांगितलं जात नसे. सगळ्यांना माहीत असे.

काकू हसल्या होत्या. "हडपसर? मग डबा बांधूनच निघायला हवं."

"डबा कशाला, काकू? आई स्वयंपाक करेल."

"म्हणूनच म्हणते."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "चला, प्रार्थना करू," म्हणाले. आणि उत्तर प्रार्थनेत दिलं. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. मध्ये बोलणं म्हणजे देवाला अडवणं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परतताना बसमध्ये आई म्हणाली, "आमेन म्हनायला काय जातं गं? दवाखान्यात आया होते तवापासनं म्हनतेय."

"तुला राग नाही आला?"

"राग धरला की त्याचा आवाज येत न्हाई."

त्याचा म्हणजे देवाचा. आई रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन खाटेवर बसते. काही मागत नाही. ऐकते. मलाही तिनं तेच शिकवलं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी डोळे मिटायची. कधी काहीच येत नसे. कधी एखादी गोष्ट स्वच्छ कळे: आज अमक्याची विचारपूस कर, तमकं बोलू नकोस. दिवस त्यावर चाले. दुसरं माझ्या मालकीचं असं फारसं काही नव्हतं.

त्या शुक्रवारनंतर मी डोळे मिटले की शब्द येऊ लागले. नम्रता. घाण. हाव. आवाज काकांचा. मी बायबलमधलं वचन वाचलं, तेही त्याच आवाजात ऐकू आलं. देव माझ्याशी कोथरूडच्या आवाजात बोलू लागला होता, आणि मी ऐकत होते. मन मऊ ठेवायचं असंच मला शिकवलेलं होतं.

त्याच सुमाराला ऑफिसात मला टीम लीडची जागा देऊ केली. मी नाही म्हटलं. ती हाव आहे, असं मला आतून कळलं होतं.

पुन्हा त्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा आईनं उभं राहून साक्ष दिली. पोरीला मोठी जागा मिळत होती, प्रभूनं सांगितलं म्हणून तिनं सोडली. तिला अभिमान वाटत होता. काकांनी प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, हिचं मन तू मऊ केलंस, तुझे उपकार. हिला असंच खाली ठेव."

खाली. मी डोळे उघडले.

खोलीत सगळ्यांचे डोळे मिटलेले. काकांचे उघडे. ते माझ्याकडे बघत होते. बघून बोलत होते.

"काका, तुमचे डोळे उघडे आहेत."

"प्रार्थना चालू आहे."

"कुणाशी? देवाशी की माझ्याशी?"

"अगं, जरा भान ठेव," काकू म्हणाल्या. "कुठं बसली आहेस?"

"जमिनीवर," मी म्हटलं. "स्वयंपाकघराच्या दाराशी. आम्ही दोघी इथंच बसतो."

सोफ्यावर जागा होती. सगळ्यांनी ती पाहिली. काकांनी डोळे मिटले आणि घाईनं प्रार्थना संपवली. खोली आमेन म्हणाली. मी म्हटलं नाही. आईचा आवाज मला ऐकू आला नाही. ती म्हणालीच नाही, की हळू म्हणाली, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता शुक्रवारी आमच्या घरी सतरंजी अंथरलेली असते. कोथरूडहून कुणी आलेलं नाही. शेजारचं एक कुटुंब येतं, कधी आम्ही दोघीच असतो. आई स्वयंपाक मात्र सगळ्यांपुरता करते. ऑफिसात पुन्हा जागा निघाली तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं.

देवाचा तो जुना आवाज परत आलेला नाही. बसमध्ये डोळे मिटले की अजूनही आधी काकाच बोलतात. मी डोळे उघडते, कोण बोलतंय ते नीट पाहते, पुन्हा मिटते. रोज. देव बोलेपर्यंत मी ऐकत बसेन. पण त्याच्या जागेवर बसून जो बोलेल, तो कुणीही असो, त्याला माझं आमेन मिळणार नाही.