मोतीरामच्या चक्कीतला अंधार

संजीवनी रडली नाही, ही गोष्ट गावाला फार दिवस खटकली. मोतीराम चक्कीत मरून पडला तेव्हा नाही, तेरवीला नाही, पुढे लेक पूनम नर्सिंगला चिखलीला गेली तेव्हाही नाही. बाया हळूच म्हणायच्या, काळजाची घट्ट आहे. संजीवनीला स्वतःला तसं काही वाटत नसे. तिला काहीच वाटत नसे. सकाळी उठायचं, शाळेतल्या पोरांची खिचडी रांधायला जायचं, परत यायचं, झोपायचं. जेवणाला चव लागायची ती मिठामुळेच, असं ती एकदा पूनमला म्हणाली होती.

गाव उंद्रीच्या अलीकडे, चिखलीच्या रस्त्याला लागून. मोतीरामची पिठाची चक्की घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत होती आणि खोलीच्या मागच्या दारानं घरात जाता येई. ज्ञानेश्वर हा मोतीरामचा लहानपणापासूनचा दोस्त. त्या दुपारी तो पिऊन आला. आपल्या ज्वारीच्या आधी दुसऱ्याचं दळण टाकलं म्हणून त्यानं आवाज चढवला, शब्दाला शब्द लागला, आणि पट्टा आवळायचा लोखंडी पाना त्यानं मोतीरामच्या डोक्यात घातला. एवढंच. याहून मोठं कारण पोलिसांनाही सापडलं नाही.

संजीवनी तेव्हा मागे तूर निवडत बसली होती. चक्कीचा आवाज एकाएकी बदलला. दाणे संपले की दगडावर दगड घासतो आणि कानात किरकिर जाते. मोतीराम चक्की कधी रिकामी फिरू देत नसे. म्हणून ती उठली, मागचं दार लोटलं, तर पुढच्या दारातून ज्ञानेश्वर बाहेर पडत होता. समोरच्या घरातल्या सत्यभामाबाईनंही त्याला जाताना पाहिलं. पोलिसांच्या जबाबात दोघींनी तेच सांगितलं. ज्ञानेश्वर म्हणाला, मी दिवसभर चिखलीच्या बाजारात होतो.

बुलढाण्याच्या कोर्टात तारखांवर तारखा पडत गेल्या. वर्षं गेली तरी साक्षी काही सुरू होईनात.

मग सागर आला. मोतीरामच्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात सिनेमाचं शिकलेला, चिखलीत लग्नांचे व्हिडिओ काढणारा. काकावर त्याचा जीव होता. लहानपणी चक्कीत पीठ उडवत तो तिथंच खेळलेला. त्याला काकाच्या खुनावर छोटा सिनेमा करायचा होता आणि तोही त्याच खोलीत. तो घाबरत घाबरतच विचारायला आला.

"काकू, तुले चालत नसंन तर नाही करत," तो म्हणाला.

संजीवनीनं कर म्हणून सांगितलं. नाही म्हणायलाही काही तरी वाटावं लागतं, आणि तिला काही वाटत नव्हतं.

शूटिंग भर दुपारी झालं. सागरनं छपरावर काळी ताडपत्री टाकली, पत्र्याच्या भोकांमध्ये चिंध्या कोंबल्या, फक्त एक भोक मोकळं ठेवलं आणि त्याच्या बाहेर दिवा लावला. आतल्या काळोखात उजेडाची एकच तिरपी रेघ उतरली. मग बरोबर आणलेल्या दोन पोरांनी मुठीमुठीनं पीठ उधळलं, तेव्हा ती रेघ धुरासारखी दाट झाली. कॅमेरा त्यानं जमिनीला टेकवून ठेवला. आधी फिरणारं चाक, मग सुटलेली चप्पल, मग पिठात पडलेला हात. मोतीरामचं तोंड दाखवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मारणाऱ्याचंही नाही, त्याची नुसती उजेडाकडे जाणारी पाठ. ते काम चिखलीच्या कुलदीपनं केलं, जो गणपतीत नाटकं बसवायचा. संजीवनी ओट्यावर बसून राहिली आणि मधे एकदा सगळ्यांसाठी चहा करून आली. सागर तिला सांगत होता की सुरुवातीलाच माणूस खुर्चीला खिळला पाहिजे, म्हणून चक्कीचा आवाज मी निम्म्या वेगानं लावणार, म्हणजे तो जनावराच्या गुरगुरण्यासारखा होईल. ती मान हलवत होती.

सिनेमा यूट्यूबवर आला आणि गावानं तो पाहिला, मग पाहुण्यांना दाखवला, मग पुन्हा पाहिला. सुरुवातीच्या त्या दोन-अडीच मिनिटांत म्हणे अंगावर काटा येतो. सत्यभामाबाईच्या नातवानं तो तिला इतक्यांदा दाखवला की ती बोलतानाही त्यातलंच बोलायला लागली. काय अंधार होता, माय, असं ती पारावर सांगायची. संजीवनीनं तो एकदाच पाहिला, पूनमच्या फोनवर. पूनम मधेच उठून बाहेर गेली. संजीवनीनं शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत दिला.

पुढे साक्षी सुरू झाल्या. पहिली सत्यभामाबाई. सरकारी वकिलांनी तिला तिनं काय पाहिलं ते सांगायला लावलं, आणि म्हातारी अगदी मनापासून सांगू लागली, की लाईट गेलती, चक्कीत काळोख होता, त्यातून ज्ञानेश्वर निघाला. आरोपीचे वकील शांतपणे उठले. लाईट गेली होती तर चक्की कशी चालू होती, असं त्यांनी विचारलं. काळोख होता तर तोंड कसं ओळखलं, हेही विचारलं. सत्यभामाबाई सरकारी वकिलांकडे पाहू लागली. तिच्या लक्षात काही तरी चुकलं एवढंच आलं, काय चुकलं ते आलं नाही.

संजीवनीची साक्ष पुढच्या तारखेवर गेली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ती दुपार आठवून पाहिली. डोळे मिटले तर चाक दिसलं, चप्पल दिसली, उजेडाकडे जाणारी पाठ दिसली. पाठ वळत नव्हती. तिनं पुन्हा पुन्हा आठवलं, पण त्या पाठीला तोंड नव्हतं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली, आणि ही भीतीच आहे हे कळायलाही तिला वेळ लागला.

सकाळी तिनं सागरला बोलावून घेतलं. कोर्टात काय झालं ते त्याच्या कानावर गेलंच होतं. तो खाली मान घालूनच आला आणि माफी मागायला लागला. संजीवनीनं त्याला थांबवलं.

"ते राहू दे. तू त्यात काय काय केलं ते मले उलगडून दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. सिनेमा नाही, सिनेमा कापण्याआधीचे तुकडे. एकेक लावत तो सांगत गेला, की हा उजेड माझा, त्या भोकातून सोडलेला. हा धूर म्हणजे मैदा, मेहकरच्या दुकानातून आणलेला. ही चप्पल माझ्या बाबांची. काकाच्या पायात त्या दिवशी काय होतं ते मला माहीत नाही.

"अन् याचं तोंड काऊन नाही दाखवलं?" तिनं विचारलं.

"काकू, गुन्ह्याच्या सिनेमात सुरुवातीला तोंड दाखवत नसतात. कोण असंन, कोण असंन, असं पाहणाऱ्याले वाटलं पाह्यजे."

"मले तर माहीत होतं."

पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. पाठ उजेडाकडे गेली, कोणी तरी ‘कट’ म्हणालं, आणि पाठ वळली. तो कुलदीप होता. नाकातलं पीठ शिंकरत, हसत तो पाणी मागत होता. जमिनीवरचा मोतीराम उठून बसला आणि अंग झटकू लागला. संजीवनीनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. ती पाठ कुलदीपची होती, दुसऱ्या कोणाची नाही.

"आता चक्कीचा आवाज लाव. जसा होता तसा."

सागरनं मूळ वेगाचा आवाज लावला. गुरगुर गेली आणि किरकिर आली. संजीवनी भिंतीला टेकून बसली. चित्र आलं नाही. आधी तापलेल्या पत्र्याचा वास आला, मग हाताला लागलेली तुरीची धूळ, मग दार लोटल्यावर डोळ्यावर आलेलं ऊन, कारण पुढचं दार सताड उघडं होतं. ज्ञानेश्वर उंबऱ्यावर थांबून वळला होता. भुवयांपर्यंत पीठ, आणि तोंड असं, जसं काही तरी मागायला आलाय आणि काय मागायचं ते विसरलाय. जुन्या फोटोसारखं पुसट, पण त्याचंच तोंड. तिनं डोळे उघडले आणि सागरला बंद कर म्हणून सांगितलं.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तिला विचारलं, सिनेमा पाहिलात का. पाह्यला, ती म्हणाली. त्यात अंधार आहे ना, त्यांनी विचारलं.

"हाव. तो अंधार माह्या पुतण्यानं केला, ताडपत्री टाकून. त्या दिवशी दुपार होती. अन् चक्की रिकामी चालू होती."

मग तिनं ज्ञानेश्वरकडे बोट केलं. वकिलांनी तिला बराच वेळ उलटंसुलटं विचारलं. तिचा आवाज चढला नाही की पडला नाही. ज्याला लोकांनी इतकी वर्षं नावं ठेवली, ते तिचं थंडपण त्या दिवशी कामाला आलं, असं नंतर पूनम म्हणाली.

निकालात सत्यभामाबाईची साक्ष धरली गेली नाही. संजीवनीची आणि पान्यावरच्या बोटांच्या ठशांची धरली. ज्ञानेश्वरला जन्मठेप झाली. सागरनं सिनेमा आधीच काढून टाकला होता, कोणी न सांगता. निकाल ऐकून पूनम रडली, सागरही रडला. संजीवनीनं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुठं काही हलतं का म्हणून आत पाहिलं. नाही हलत.

बुलढाण्याच्या स्टँडवर ती एकटीच बसली होती. पूनम आणि सागर पाण्याची बाटली आणायला गेले होते. ज्ञानेश्वरची बायको चांगुणा आली आणि समोर उभी राहिली. गावाकडची गाडी एकच. दोघी एका वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या, आणि बरीच वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. चांगुणाचे डोळे सुजलेले होते. बसायला दुसरीकडे कुठं जागा नव्हती.

संजीवनीनं बाकड्यावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. चांगुणा टेकली. मधे हातभर जागा ठेवून दोघी रस्त्याकडे पाहत बसल्या. गाडीला उशीर होता.